सही करायची, पण दुसऱ्या कागदावर

ताई, नमस्कार.

नाशिकच्या एका कॉलनीत आम्ही २१ वर्षं राहतोय. ४२ रो-हाऊस आहेत. कोपऱ्यावरच्या बंगल्याचे मालक मुलाकडे कॅनडाला गेले आणि बंगला भाड्यानं दिला. भाडेकरू कोण ते गेटवर बोर्ड लागला तेव्हाच कळलं: व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्र. त्याला आता आठ महिने झाले. खिडक्यांना, जिन्याला, गच्चीला सगळीकडे लोखंडी ग्रिल. आत चाळीसेक पुरुष असावेत. पहाटे शिट्टी वाजते, मग प्रार्थना होते, त्याचं काही नाही. पण रात्री-अपरात्री ओरडण्याचे आवाज येतात. गेल्या महिन्यात एक माणूस अनवाणी पळत आमच्या गल्लीत शिरला. मागून तिघं आले. आमच्या तुळशीपाशीच त्याला धरलं, दोन-चार कानाखाली वाजवल्या आणि ओढत नेलं. माझी नऊ वर्षांची नात तेव्हा खिडकीत उभी होती.

आता सोसायटीनं निवेदन काढलंय. त्यात ‘समाजकंटकांचा अड्डा’, ‘महिला व मुलींची सुरक्षितता’, ‘मालमत्तेचे घसरते दर’ असं सगळं आहे आणि केंद्र तात्काळ हटवा, अशी मागणी आहे. ३५ सह्या झाल्यात. रविवारी सभा आहे, त्याआधी आमची सही हवी म्हणतात. हे म्हणतात, ‘करून टाक, आपल्याला इथंच राहायचंय.’ माझा हात चालत नाही. माझा धाकटा भाऊ ११ वर्षांपूर्वी दारूनं गेला. आम्ही सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगितलं. ह्यांना खरं माहीत आहे, पण आम्ही कधी बोलत नाही. सही केली तर भावाशी दगा केल्यासारखं होईल, नाही केली तर नातीशी. मी काय करू?

एक शेजारीण

शेजारीणबाई,

आधी कावीळ.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी नोकरी केली. मेडिकल वॉर्डात दारूनं लिव्हर गेलेला माणूस आला की त्याची बायको किंवा बहीण मला कोपऱ्यात घ्यायची आणि हळूच सांगायची, ‘मॅडम, कागदावर दारू लिहू नका ना.’ बाहेर सांगताना त्या कावीळ म्हणायच्या. खोटंही नसायचं ते, डोळे पिवळे झालेलेच असायचे. अर्धं खरं असलं की सांगताना जीभ अडखळत नाही. म्हणून तर ते ११ वर्षं टिकतं.

तुमच्या कॉलनीत असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, असं मला वाटत नाही. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वर्षं वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के दारू पितात, म्हणजे साधारण १६ कोटी. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांचं पिणं मदत लागावी इतकं हाताबाहेर गेलेलं. आणि दारूशिवाय राहूच शकत नाहीत अशा दर ३८ माणसांतल्या जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे आपापल्या घरात असतात. त्यातली काही घरं रो-हाऊस असतात, त्यांच्या दारात तुळस असते आणि ती घरंही सोसायटीच्या निवेदनावर सही करतात. कदाचित सगळ्यात आधी करतात. सही केली की आपल्या घराकडे कुणी बघत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या भीतीकडे येते. तुम्ही तिची एकच मोळी बांधलीय. ती सोडून बघायला हवी, कारण आतल्या काटक्या एका झाडाच्या नाहीत.

नातीची भीती पहिली. तुमची कॉलनी धरून चालतेय की ग्रिलच्या आतले चाळीस जण बाहेरच्यांपेक्षा जास्त धोकादायक आहेत. पिणारा माणूस सगळ्यात वाईट वागतो तो पिऊन. आतले पीत नाहीत, निदान पिऊ नयेत यासाठीच तिथं आणलेत. तुमच्या चौकात वाइन शॉप किंवा परमिट रूम आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेलच. संध्याकाळी सातनंतर तिथून घराकडे निघालेली माणसं नातीच्या क्लासच्या रस्त्यावरूनच जात असतील. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं होतं, २०१६ साली ते छापून आलं. व्यसनमुक्ती केंद्रांभोवतीच्या हिंसक गुन्ह्यांची त्यांनी दारूच्या आणि किराण्याच्या दुकानांभोवतीच्या गुन्ह्यांशी तुलना केली. केंद्रांभोवतीचे गुन्हे दुकानांपेक्षा जास्त निघाले नाहीत, उलट कमीच निघाले. बाल्टिमोर म्हणजे नाशिक नव्हे, हे मलाही कळतं. पण आपल्याकडे तर कुणी मोजतही नाही, नुसतं बोलतात.

घरांच्या दरांचं मात्र खरं असू शकतं, आणि ते मी लपवणार नाही. व्हर्जिनियातल्या एका अभ्यासात निवासी केंद्राच्या अगदी जवळची घरं साधारण ८ टक्के कमी किमतीला गेल्याचं दिसलं होतं. आपल्याकडे काय होईल ते तुमच्या भागातला एजंट सांगेल, आणि तो जे सांगेल त्यातलं निम्मं त्याच्या कमिशनचं असेल. घर विकायला काढलेलं नसेल तर हा मुद्दा बाजूला ठेवा. ज्यांनी काढलंय त्यांना चिंता करण्याचा हक्क आहे. फक्त ती त्यांनी ‘मुलींची सुरक्षितता’ या नावाखाली करू नये.

आणि आता ओरडणं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, आणि निवेदनात त्याचा शब्दही नाही.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काही तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचं भानच सुटतं. आमच्या हाडांच्या वॉर्डात एकदा मांडीचं हाड मोडलेला एक गवंडी दाखल झाला. दोन दिवस शहाण्यासारखा पडून होता. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. मग सिस्टरला म्हणाला, ‘गाडी आली, रुळावरनं बाजूला व्हा’, आणि ट्रॅक्शनला बांधलेला पाय घेऊनच उठायला लागला. त्याच्या आईनं देवीचा अंगारा मागवला. दाखल करताना ‘दारू घेतो का?’ असं विचारलं होतं, तेव्हा याच आईनं ‘नाही हो, माळकरी आहे’ असं सांगितलं होतं. डॉक्टरांना खरं कळलं, औषधं सुरू झाली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं गेली, आणि चार दिवसांनी तो मला लाजत लाजत विचारत होता, ‘मी कायकाय बोललो?’ याला वॉर्डात डीटी म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस जातो.

तेव्हा रात्री ओरडणारा माणूस गुंड असेलच असं नाही. त्याला कदाचित मुंग्या दिसत असतील. तुमचा त्यापुढचा प्रश्न हा हवा की त्या वेळी त्याच्याजवळ कोण असतं? डॉक्टर, नर्स, की शिट्टीवाला?

कारण तुळशीपाशी जे झालं तो उपचार नव्हता. मनोरुग्णांच्या उपचारासाठी २०१७ साली नवा कायदा झाला, आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्याच्या व्याख्येतच आहेत. म्हणजे हे केंद्र लॉज किंवा वसतिगृह नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय ते चालवता येत नाही. स्वतःहून दाखल झालेल्या माणसानं ‘मला जायचंय’ म्हटलं तर त्याला सोडावं लागतं. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. मग तो अनवाणी का पळत होता? त्याला स्वतःला निर्णय घेता येत नाही म्हणून घरच्यांनी दाखल केला असेल, तर त्याचीही रीत आहे. दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असायला हवा, आणि पहिल्या खेपेला ३० दिवसांहून जास्त ठेवायचं नाही. रात्री दोन वाजता गाडी पाठवायची, तिघांनी झोपेतून उचलायचं आणि बायकोकडून ॲडव्हान्स घ्यायचा, हे या रीतीत कुठंच बसत नाही. आपल्याकडे ते सर्रास चालतं, आणि घरचे इतके थकलेले असतात की उचलून नेलं याचंच त्यांना बरं वाटतं. मी त्यांना दोष देत नाही. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला मी कायद्याची कलमं कशी वाचून दाखवणार?

तरीही मारहाण ती मारहाणच. आवरायचंच झालं तर त्या माणसाला किंवा दुसऱ्याला होणारी तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनं. शिक्षा म्हणून कधीच नाही. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. डोकं जबरदस्तीनं भादरता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही, घरच्यांना भेटायचा आणि फोन करायचा हक्क काढून घेता येत नाही. तुमच्या खिडकीतून गच्ची दिसते ना? सगळ्यांची डोकी एकसारखी भादरलेली आहेत का, एवढं तरी बघा. शेजाऱ्याला जे दिसतं ते कधीमधी येणाऱ्या तपासणी पथकाला दिसत नाही, कारण पथक येणार असल्याचं आधीच कळलेलं असतं.

ग्रिलचंही तसंच. ती आहेत म्हणून कॉलनीला बरं वाटत असेल. मला ती वाचताना तमिळनाडूतलं एरवाडी आठवलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं जागच्या जागी जळाली. सुटता आलं नाही म्हणून. एका कुटुंबासाठी बांधलेल्या बंगल्यात चाळीस पुरुष, सगळीकडे लोखंड, बहुधा बाहेर पडायला एकच दार आणि त्याला कुलूप. शॉर्टसर्किट झालं तर किल्ली कुणाकडे असते? अग्निशमन दलाची परवानगी आहे का? हा प्रश्न तुमच्या निवेदनात असता तर मी तुम्हाला डोळे झाकून सही करायला सांगितलं असतं.

म्हणून मला वाटतं, कॉलनीची तक्रार खोटी नाही, तिच्यावर पत्ता चुकीचा पडलाय. ‘इथून हटवा’ म्हटल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. नगरसेवक येतो, फोटो निघतात, चार दिवस दबाव पडतो, आणि एका रात्री टेम्पो लागतो. केंद्र शहराबाहेर कुठल्याशा फार्महाऊसवर किंवा बंद पडलेल्या मंगल कार्यालयात जातं. तिथं शेजार नसतो. ओरडणं ऐकायला कुणी नसतं, पळणाऱ्याला लपायला तुळस नसते, आणि त्या तिघांना मोकळं रान मिळतं. वाईट केंद्र वस्तीतून हटवलं की ते आणखी वाईट होतं. चांगलं असेल तर तेही जातं, आणि मग ३८ मधल्या त्या एकाची सोयही गेली.

वस्तीत केंद्र असूच नये, हे मला पटत नाही. फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं ते मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात, भर वस्तीत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या आधारानं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. आज त्याची स्वतंत्र इमारत येरवड्यातच आहे. अशा ठिकाणी व्यसन सोडलेले लोकच पुढे कार्यकर्ते होतात. नवा पेशंट थापा मारायला लागला की समोरचा हसतो, कारण त्याच थापा त्यानं स्वतः मारलेल्या असतात. बायकोला, आईला बोलावून वेगळं बसवतात. घरी गेल्यावरही फॉलोअपला यावं लागतं. पहिल्या झटक्यात सगळे सुटत नाहीत, पुष्कळांची स्लिप होते, म्हणजे पिणं परत सुरू होतं, मग पुन्हा दाखल. घराजवळ केंद्र असलं तर हे येणं-जाणं जमतं, डोंगरापलीकडे असलं तर जमत नाही.

शिवाय अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेली ही गोष्ट आता आपल्या गावोगावी आहे. त्या भरतात कुठं? संध्याकाळी सुटलेल्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात. बाकावर दाटीवाटीनं बसलेली मोठी माणसं आपलं नाव सांगतात, कुणी सहा महिने झाले म्हणतं, कुणी सहा दिवस. तासाभरानं चहा पिऊन, बाक सरळ करून निघून जातात. सकाळी त्याच बाकांवर पोरं पाढे म्हणतात. आजवर कुठल्या कॉलनीला त्याचा त्रास झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तर आता काय करायचं.

रविवारच्या आधी एकदा त्या केंद्रात जा. ह्यांना घेऊन जा, आणि सह्या केलेल्यांपैकी एखादा समंजस माणूस बरोबर घ्या. दुपारी जा, रीतसर, चपला काढून. ‘आम्ही शेजारी, ओळख करून घ्यायला आलोय’ म्हणा. चहा देतात का आणि दारातच उभं करतात का, यातूनच पुष्कळ कळेल. चांगल्या केंद्राला शेजारी आलेले आवडतात. रुग्णांना तुम्हाला दाखवणार नाहीत, तो त्यांचा खासगीपणा आहे आणि ते बरोबरच आहे. पण ऑफिसात बसवून बोलायला हरकत नसावी. नोंदणीचा दाखला बघायचाय म्हणा. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी जागी लावलेला असायला हवा, तो भिंतीवर आहे का बघा. मनोविकारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात, ते विचारा. ‘बोलावलं की येतात’ असं उत्तर आलं तर न येणारे आहेत असं समजा. नवीन पेशंटचे पहिले पाच दिवस कुठं काढतात? इथंच, की आधी रुग्णालयात? रात्रपाळीला प्रशिक्षित कुणी असतं का? घरचे भेटायला कधी येतात? ‘पहिले तीन महिने कुणालाच भेटू देत नाही, आमची शिस्त आहे’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

त्या माणसाचंही विचारा. ‘आमच्या अंगणात धरलात तो आता कसा आहे?’ एवढंच. आणि समोरच्याचा चेहरा बघा.

समाधान झालं तर बाकी गोष्टी बोलून सुटण्यासारख्या आहेत. गच्चीला शेडनेट लावा, पोरी क्लासला जातात त्या वेळी पेशंटना पुढच्या बाजूला बसवू नका, कचरा, गाड्या, शिट्टी, आणि अडीअडचणीला फोन करायला एक नंबर. हे लिहून घ्या आणि दोन्हीकडच्या सह्या करा. निवासी बंगल्यात असं केंद्र चालवायला महापालिकेची काय परवानगी लागते, ते नगररचना विभागात माहितीचा अधिकार वापरून विचारा. ते विचारणंही गैर नाही. परवानगी नसेल तर ती घ्यायला लावता येते.

समाधान झालं नाही, तर मात्र गप्प बसू नका. मग दुसरा कागद लिहा, आणि त्यावर पहिली सही तुमची असू द्या. तारीख, वेळ, काय पाहिलं, किती जण होते. ‘समाजकंटक’ वगैरे शब्द नकोत. अर्ज पुनरावलोकन मंडळाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि प्रत पोलिस ठाण्याला. मागणी दोन ओळींची असावी: केंद्राची तपासणी करा, आणि ते बंद करावं लागलं तर आतल्या प्रत्येकाला दुसऱ्या नोंदणीकृत ठिकाणी हलवा, नुसतं रस्त्यावर सोडू नका. ही दुसरी ओळ कुणीच लिहीत नाही. आणि पुन्हा कुणाला तुमच्यासमोर मारलं, तर सभेची वाट न बघता तिथल्या तिथे ११२ ला फोन करा.

रविवारच्या सभेत तुम्हाला भाषण करायचं नाहीये. ‘आम्ही जाऊन आलो, हे विचारलं, हे उत्तर मिळालं, मला या कागदात हे बदलून हवंय’, बास. सोसायटीच्या सभेत तत्त्व मांडणाऱ्याला लोक बसवतात, पण माहिती घेऊन आलेल्याला ऐकून घेतात. ग्रुपवर आधी काही टाकू नका. एकानं अंगठा उचलला की बाकीचे त्याच्यामागे जातात आणि मग कुणालाच मागे फिरता येत नाही. ह्यांना म्हणावं, इथंच राहायचंय म्हणूनच विचारतेय.

भावाचं मात्र सभेत काढू नका. तुमचं म्हणणं पटवायला त्याचं मरण वापरावं लागू नये. तो तुमचा आहे. एखाद्या मैत्रिणीला सांगावंसं वाटलं तर सांगा, घाई नाही. ह्यांच्याशी बोलायला मात्र हरकत नाही. ११ वर्षं दोघांनी ती कावीळ सांभाळली, त्यांनाही जड झालीच असेल. आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात. पिणारा गेल्यावरही तिथं जाता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. नातेवाइकांत कुणाला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे.

नातीला काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिनं बघितलंय, तेव्हा सांगावं लागेल. नऊ वर्षांच्या पोरीला ‘तिकडे बघू नकोस, वाईट लोक आहेत’ म्हणाल तर ती रोज बघेल. तिथली माणसं आजारी आहेत, बरी व्हायला आलीत, त्या दिवशी त्या काकांना मारलं ते चुकीचं होतं, आणि आजी ते सांगायला तिथं गेली होती, इतकं तिला पुरेल. त्यातलं शेवटचं वाक्य खरं व्हायला हवं, म्हणून तरी जाऊन या. क्लासचा रस्ता काही दिवस बदलायचा असेल तर खुशाल बदला, त्यात भावाशी कसला दगा आला?

सभेत काय झालं ते कळवा. आणि एक. अख्ख्या पत्रात तुम्ही भावाचं नाव लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा. छापणार नाही मी.